औषधाच्या खिडकीवरून आरोग्यमंत्र्यांना

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षं औषध निर्माण अधिकारी होते. कागदावर पदाचं नाव असं भारदस्त असलं तरी गावात मला सगळे 'गोळ्यावाल्या बाई'च म्हणत. आमचं केंद्र बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. दसरा झाला की इथली निम्मी गावं रिकामी होतात. माणसं जोडीजोडीनं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. केंद्राच्या पडवीत दीड फुटाची एक खिडकी होती. आत मी आणि माझी कपाटं, बाहेर रांग. आपल्या खात्याबद्दल मला जे काही समजलं ते त्या खिडकीतून समजलं, म्हणून तिथूनच लिहिते.

२०२२ च्या पाडव्यानंतरचा एक बाजारचा दिवस. एका बाईनं खिडकीच्या फळीवर गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलं आणि म्हणाली, "ह्याच गोळ्या द्या." पाकिटावर बॉलपेननं लिहिलेलं 'रात्री १' माझ्याच अक्षरातलं होतं. तिच्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. दसऱ्याला जाताना मी त्याला महिनाभराच्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, तिकडं गेल्यावर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून पुढच्या घ्या. तिकडं म्हणजे कोल्हापूरच्या बाजूच्या फडात. दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवस खाडा. खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबात धरणार. गोळ्या संपल्या आणि तो गेला नाही. फेब्रुवारीत मोळी डोक्यावर घेऊन गाडीची शिडी चढताना तो पडला. डाव्या अंगावरून वारं गेलं.

मला हे सांगताना ती रडत नव्हती. उलट एका मोठ्या दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेतून सगळे उपचार झाले, "एक रुपया घेतला नाही बाई त्यांनी," असं ती दोनदा म्हणाली. तिचा आशीर्वाद आपल्या खात्यापर्यंत पोचवायचा राहिला होता, तो या पत्रातून पोचवते. पण पुढचंही ऐका. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. जोडी मोडली की कोयता मोडतो. अंगावरची उचल मात्र तशीच राहते. पुढच्या हंगामात तिनं आपल्या १४ वर्षांच्या मुलाला बापाच्या जागी उभं केलं. तो नववीत होता.

त्याची ती रक्तदाबाची गोळी, अम्लोडिपिनची, सरकार घाऊक भावात काही पैशांना घेतं. पण या घटनेत मला बोचतो तो पैशाचा हिशेब नव्हे. त्या माणसाला कुणी नाकारलं नव्हतं. पाच महिन्यांसाठी गाव सोडणाऱ्या माणसाला पाच महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात अशी सोयच आमच्या व्यवस्थेत नव्हती, आणि कपाटात तेवढ्या गोळ्याही नव्हत्या. मी मनाशी आकडा मांडला होता: याला चार पाकिटं जास्त दिली तर पुढच्या मंगळवारी येणाऱ्या चार म्हाताऱ्यांना काय देऊ? म्हणून महिन्याच्याच दिल्या. तो निर्णय मी घेतला, आणि निवृत्त झाले तरी तो माझ्यासोबत आहे.

मंत्रिमहोदय, मी योजनेच्या विरोधात मुळीच नाही. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं. हृदयाला भोक असलेली आमच्या वाडीवरची एक पोर या योजनेतून शस्त्रक्रिया होऊन आली. आता शाळेत धावते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत झालं, हाही मोठा निर्णय होता. त्या आठवड्यात केसपेपरच्या टेबलावरची सुट्ट्या पैशांची पेटी उचलून आत ठेवताना मला फार बरं वाटलं होतं.

पण योजना माणूस खाटेवर आडवा झाला की सुरू होते. आजारपण त्याच्या फार आधी सुरू होतं, आणि ते बहुतेक वेळा उभ्या उभ्याच काढलं जातं. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, फिट, अंगावरून पांढरं जाणं, पोराचं न वाढणारं वजन. यांतल्या कशालाच योजनेचं कार्ड चालत नाही. यांना लागतो चालत जाता येईल असा दवाखाना, त्यात हजर असलेला डॉक्टर आणि भरलेलं कपाट. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. ही घट खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. उरलेल्या ३९ रुपयांत मात्र औषधांचा वाटा फार मोठा आहे. बुडालेली मजुरी तर या हिशेबात धरलेलीच नसते. ऊसतोड्याच्या घरी औषधापेक्षा खाडा महाग पडतो.

असा जवळचा दवाखाना रिकामा राहिला की ती जागा कोण भरतं, ते आमच्या भागानं बघितलं आहे. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहांत एकीची पिशवी काढलेली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या कितीतरी होत्या. वर्तमानपत्रांनी खाजगी डॉक्टरांवर लिहिलं, मुकादमांवर लिहिलं, आणि ते योग्यच होतं. पण या बायका तिथे पोचण्याआधी कुठे गेल्या होत्या हे कुणी फारसं विचारलं नाही.

मी सांगते. त्या आधी माझ्या खिडकीशी आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या घ्यायला यायच्या, मागचा माणूस पुढे गेला की खिडकीत तोंड घालून हळूच म्हणायच्या, "बाई, अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय." फडावरच्या कोपीत मोरी नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या, संसर्ग होणारच. बहुतेकींचं दुखणं तपासणी आणि नीट दिलेल्या गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. पण आमच्याकडे बरीच वर्षं स्त्री डॉक्टर नव्हती, तपासणीच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद रिकामं. मग कुणीतरी त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेई, तिथे सोनोग्राफी होई आणि सांगितलं जाई, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. कर्ज काढून, पुढच्या हंगामाची उचल आधीच घेऊन, पिशवी निघे. दोन रुपयांच्या गोळीचं काम सुरीनं केलं. त्या बायका आज चाळिशीत कंबर धरून चालतात.

म्हणून माझं आपल्याकडे मागणं एकच आहे. पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी जो नवा रुपया मिळेल, तो सगळ्यात आधी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय या तीन पायऱ्यांवर घाला. त्याच्या वरचं नंतर.

औषधांचं आधी बोलते, कारण ते माझं क्षेत्र आहे. केंद्रातून मागणीपत्र जिल्ह्याला जातं, जिल्ह्यांची मागणी एकत्र होऊन मुंबईला जाते, तिथे निविदा निघते. ही खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे एकवटली, आणि २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमलं गेलं. मी दोन्ही पद्धती खालच्या टोकाला बसून बघितल्या. टोकाला फक्त एवढंच कळतं की मागितलेलं वेळेवर येत नाही आणि न मागितलेलं कधीकधी खोक्यांनी येतं, तेही मुदत संपायला चार महिने उरलेले असताना. माझ्या शेवटच्या वर्षांत सगळं मोफत झाल्यावर रांग वाढली, कपाट तेवढंच राहिलं. मग डॉक्टर चिठ्ठी लिहून देत, 'बाहेरून घ्या.' ही चिठ्ठी ज्या हातात पडते त्या माणसासाठी मोफत उपचार तिथेच संपतात. पुढच्या वेळी तो येतच नाही.

हे दुरुस्त होऊ शकतं, कारण इतर राज्यांत ते झालेलं आहे. तामिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ काढलं. ते थेट उत्पादकांकडून मूळ औषधाच्या नावानं खरेदी करतं, प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वाटत नाही, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं ठेवतं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक असतं, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम. लागेल ते औषध गोदामातून न्यायचं, तेवढी रक्कम वजा होते. काय हवं हे तिथे रुग्णासमोर बसलेला माणूस ठरवतो. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून याच वाटेनं मोफत औषध योजना चालवून दाखवली, आणि राजस्थान काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. आपल्या प्राधिकरणाला अशी गोदामं आणि असं पासबुक द्या. सोबत आणखी एक करा, ज्याला पैसाही लागत नाही. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर दर सोमवारी आवश्यक औषधांची यादी आणि शिल्लक खडूनं लिहायला लावा. ई-औषधी प्रणालीत हा साठा आम्ही भरतोच, पण तो संगणकाबाहेर येत नाही. सरपंचाला, आशाताईंना, रांगेतल्या म्हातारीला दिसू द्या की सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या उरल्या आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न जिवाचा असतो.

माणसांचं बोलायचं तर डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आकडे आहेतच: मंजूर पदांपैकी सुमारे २७ टक्के डॉक्टर, ३५ टक्के परिचारिका आणि ३१ टक्के निमवैद्यकीय कर्मचारी नाहीत. मैदानी भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. त्या ३० हजारांच्या केंद्रात दोनांपैकी एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर आणि दुसरा बैठकीला गेला की खिडकीत मी उरत असे. लोक मलाच विचारत, "बाई, तुम्हीच काहीतरी द्या." मी देऊ नये असं कायदा सांगतो. १०२ डिग्री तापातलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला कायदा सांगता येत नाही.

डॉक्टर खेड्यात राहत नाहीत हे वाक्य मी मंत्रालयातून आलेल्या अधिकाऱ्यांकडून अनेकदा ऐकलं. पण डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत दगावत होती. ते त्यांच्या उशाशी रात्र रात्र बसले, नोंदी ठेवल्या, हृदयावर काय परिणाम होतो ते ओळखलं आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत खाली आणलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं. सरकारी केंद्राच्या खाटेवर असं विज्ञान घडू शकतं. आमच्या डोंगरापलीकडे जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनं 'सर्वांसाठी आरोग्य' म्हटलं तेव्हा जगासमोर जी उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं. हे सगळं आपल्याच मातीतलं आहे. मात्र असं काम केवळ ध्येयवेड्यांच्या भरवशावर ठेवता येत नाही. चांगल्या डॉक्टरला राहायला पावसात न गळणारं घर, मुलांना शाळा, ठरलेल्या वर्षांनंतर बदलीची खात्री आणि उच्च शिक्षणात प्राधान्य द्या. कंत्राटावर ११-११ महिने काढणाऱ्या सिस्टरना कायम करा. आशाताईंचा मोबदला महिन्याच्या महिन्याला द्या. त्यासाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागू नये.

आपल्यासारख्याच एका विकसनशील देशाचं उदाहरण देते. थायलंडनं २००१ मध्ये ३० बाथ शुल्कात सर्वांना उपचार द्यायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये त्याचा कायदा केला. तेव्हा तो देश १९९७ च्या आर्थिक संकटातून नुकता सावरत होता. आपल्याकडे त्या ३० बाथची चर्चा फार होते. त्याआधीच्या वीस वर्षांची होत नाही. १९८० च्या दशकात त्यांनी पाच वर्षं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक थांबवली आणि तो पैसा तालुक्यांच्या रुग्णालयांकडे वळवला. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरांना ग्रामीण भागात काम करणं सक्तीचं केलं. म्हणून योजना आली तेव्हा लोकांना जायला जागा होती. तिथे माणसाची नोंद घराजवळच्या रुग्णालयात असते आणि माणशी ठरलेली वार्षिक रक्कम त्या रुग्णालयाला मिळते. माणूस निरोगी राहिला तर रुग्णालयाचं नुकसान होत नाही. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली की पैसे मिळतात. ज्या जिल्ह्यात हजारो बायकांच्या पिशव्या विनाकारण निघाल्या, तिथली मी बाई आहे. या दोन पद्धतींतला फरक मला नीट कळतो.

आपण जिल्ह्याजिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयं काढत आहात. काढा, डॉक्टर तयार व्हायलाच हवेत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ जण गेले, त्यांत निम्मी लहान बाळं होती, हे आम्ही मराठवाड्यातले लोक विसरलेलो नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरातून, खालच्या सगळ्या पायऱ्या निसटल्यावर, शेवटच्या घटकेला माणसं तिथे आणली जातात. खाली धरून ठेवणारं कुणी नसेल तर वरची इमारत कितीही उंच बांधली तरी तिच्या दारात हेच होणार.

पैसा कुठून आणायचा, असं आपण विचाराल. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर २०२० पर्यंत खर्च करावी, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यांत गणला जाणारा महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, आरोग्यसेवांचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीनं म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये. तेव्हा देश कंगाल होता आणि तरी असं म्हणण्याची हिंमत त्या लोकांत होती.

आता जे लगेच होण्यासारखं आहे ते सांगते. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. साधी ठरलेली उपचारपद्धत, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, न चुकणारा औषधपुरवठा आणि न येणाऱ्याच्या घरी फोन, एवढ्यावर तो चालतो. तोच ऊसतोड्यांसाठी वाढवा. गावातल्या केंद्रात नोंद असलेल्या रुग्णाला फडाजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात त्याच कार्डावर, रविवारी किंवा संध्याकाळी, खाडा न करता गोळ्या मिळाव्यात. आणि निघताना त्याच्या पिशवीत निदान तीन महिन्यांच्या गोळ्या असाव्यात. बायकांची तपासणी जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, दाराला कडी असलेल्या खोलीत, स्त्री डॉक्टरकडून व्हावी.

यासाठी तारखा महत्त्वाच्या आहेत. दसऱ्यानंतर गाड्या सुटायला लागतात. त्याच्या पंधरा दिवस आधी गोळ्या केंद्रांच्या कपाटात पोचलेल्या हव्यात, म्हणजे जिल्ह्याच्या गोदामात त्या पोळ्यापर्यंत यायला हव्यात. निविदा, तपासणी आणि वाहतूक धरली तर मागणी आषाढातच मुंबईला गेली पाहिजे. किती लोक जाणार आणि त्यांत रक्तदाबाचे, साखरेचे किती, हे आशाताईंना वहीत न बघता सांगता येतं. मुकादमाआधी त्यांना कळतं. आपण ज्येष्ठात एक आदेश काढलात, तर येत्या हंगामाला वेळ पुरेल.

आपली नम्र,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी